खटल्यानंतरच्या रखमाबाई
डॉक्टर रखमाबाईंचा विषय निघाला की बोलणं दादाजी भिकाजी खटल्यापाशीच थांबतं, म्हणजे बालपणी लग्न लावून दिलेल्या रखमाबाईंनी नांदायला यावं म्हणून नवऱ्याने, दादाजींनी, केलेल्या खटल्यापाशी. पहिली भारतीय स्त्री डॉक्टर कोण, रखमाबाई की आनंदीबाई जोशी, या इथल्या चर्चेतही तेच झालंय. खटला 1888 मध्ये तडजोडीने मिटला, तेव्हा त्या पंचविशीच्याही नव्हत्या! खरं काम पुढेच. लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून त्या डॉक्टर झाल्या आणि आधी सुरतेला, मग राजकोटला बायकांच्या रुग्णालयात सुमारे 35 वर्षं राबल्या. पुरुष डॉक्टरला नाडीही दाखवायची नाही असा तो काळ. बाळंतपण अडलं तरी घरातच निभवायचं. अशा घरांतल्या बायकांना रुग्णालयाच्या पायरीपर्यंत आणणं मला शस्त्रक्रियेपेक्षा अवघड वाटतं. अमेरिकेत डॉक्टर झालेल्या आनंदीबाईंना अकाली मृत्यूमुळे दुर्दैवाने रुग्णसेवेची संधीच मिळाली नाही. त्यामुळे ‘पहिली कोण’ हा वाद मला तरी फारसा महत्त्वाचा वाटत नाही.