मस्टँग जीटीचा मागचा सबफ्रेम घट्ट करायचाय, मदत हवी आहे

मंडळी, २०१६ ची मस्टँग जीटी आहे, ५ लिटर व्ही८. गगनबावडा रस्त्याला वळणातून निघताना ॲक्सिलरेटर दाबला की मागची बाजू डुलते, आणि जोरात उचलली की मागची चाकं थडथड उड्या मारतात. शॉक ॲब्सॉर्बर कोरडे आहेत, तेल गळत नाही, चाकांची अलाइनमेंट बरोबर आहे. म्हणजे संशय सबफ्रेमच्या (मागचं सस्पेन्शन ज्यावर बसतं ती चौकट) रबर बुशवरच, म्हणजे ती चौकट बॉडीला जोडणाऱ्या रबरी गाद्यांवर. या मॉडेलचं हे ओळखीचं दुखणं.

लोअरिंग स्प्रिंग नकोत, आपल्याकडच्या स्पीडब्रेकरवर पोट घासणारच. बुशच्या फटीत ॲल्युमिनियमच्या लॉकआउट कॉलर (फट भरून सबफ्रेम हलू न देणाऱ्या कड्या) बसवायच्या आहेत. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्या लेथवर अचूक मापात टर्निंग करून देणारं कोण आहे? की तयार किटच मागवावं? चारही जाड्या तंतोतंत नसल्या तर सबफ्रेम तिरका बसेल ही भीती आहे. डिफरन्शियलचे (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) बुशही सोबतच बदलावेत का, आणि केबिनमध्ये गुणगुण किती वाढते?