रोज खिशात ठेवायला आणि सातपुड्यात न्यायला मल्टिटूल कोणतं घ्यावं?

केळीवाला_फैजपूर
नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथं नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा विचारतोय. माझी केळीची बाग आहे, सहा एकर, सगळी ड्रिपवर (ठिबकवर). रोजची कटकट अशी की लॅटरल, म्हणजे ठिबकची बारीक नळी, कुठंतरी उंदराने नाहीतर खारीने कुरतडलेली असते, जॉइनर (नळी जोडायचा तुकडा) टाकायचा तर चाकू घरी, ग्रोमेट (नळी बसवायची रबरी रिंग) ओढायचा तर पक्कड दुसऱ्या शेतात, आणि बाईकच्या डिक्कीतली पक्कड कोण घेऊन जातं ते आजवर कळलं नाही. शिवाय दर महिन्या-दोन महिन्याला आम्ही चार-पाच जण सातपुड्यात जातो, मनुदेवी, पाल, कधी लांब तोरणमाळ, तिथं पण काहीतरी कापायला खोलायला लागतंच. म्हणून वाटलं एकच चांगलं मल्टिटूल, म्हणजे पक्कड, चाकू, पेचकस असं सगळं एकातच घडी होणारं अवजार, घ्यावं जे कायम अंगावर राहील.

तीन डोक्यात आहेत. एक लेदरमन वेव्ह प्लस, पण ते माझ्या बजेटच्या पार बाहेर जातंय, घेतलं तर घरात सांगता येणार नाही. दुसरं व्हिक्टोरिनॉक्सचं हंट्समन, खिशातला घडीचा चाकू. तिसरं ऑनलाइन सातशे-आठशेला मिळतं ते बिननावाचं, फोटोत हुबेहूब लेदरमन. बजेट पाच हजार, फार तर थोडं वर. सांगा काय करू. आणि हे कमरेला लावून फिरलं तर पोलीस काही म्हणतात का?

आज्याना_चाकू
भो, एक पक्कड नि एक चाकू, आखो काय पायजे? मन्हा आज्याना चाकू शे, चाळीस वरीस जुना, आजून चालस.

लेथवाला_भुसावळ
पहिले त्या आठशेवाल्याचं सांगतो, कारण मी तसलं घेऊन बसलोय. माझ्याकडे लेथ आहे, लोखंड रोज हातात असतं, तरी फोटोला फसलो. आल्यावर पक्कड बंद करून उजेडासमोर धरली तर दोन्ही जबडे टोकाला टेकतच नव्हते, मधून उजेड दिसत होता. कानस मारून बघितली तर पात्यावर अशी चालली जशी पितळेवर चालते, म्हणजे पोलाद कडक करायला तापवून पाणी देतात ते दिलेलंच नाही नीट. महिनाभरात स्क्रू ड्रायव्हरचं टोक गोल झालं आणि तेव्हा जो घसरला तो डाव्या तळव्यात गेला, तीन टाके. दुकानातून घेणार असशील तर या दोन गोष्टी तिथंच बघ, उजेडात जबडे, आणि प्रत्येक पान, म्हणजे आतलं घडीचं अवजार, उघडून आडवं हलवून बघ, खुळखुळलं की ठेवून दे.

लेदरमनचं म्हणशील तर त्या माणसाची अडचण तुझ्यासारखीच होती. टिम लेदरमन, अमेरिकन, १९७५ साली बायकोला घेऊन जुन्या फियाटमधून युरोप फिरत होता, गाडी सारखी बिघडायची आणि खिशात नुसता चाकू, पक्कड नाही. तिथून त्याच्या डोक्यात आलं की चाकूला पक्कड पाहिजे, आणि माल बाजारात यायला १९८३ उजाडलं. म्हणून लेदरमन ही मुळात पक्कड आहे, तिच्या दांड्यात बाकीची पानं बसवलेली. व्हिक्टोरिनॉक्स हा मुळात चाकू आहे, त्याला बाकीचं जोडलेलं. तुला आधी काय लागतं, पक्कड की चाकू, एवढंच ठरव.

वेव्ह प्लसची चांगली गोष्ट म्हणजे चाकू आणि करवत बाहेरच्या बाजूने एका हाताने उघडतात, उघडल्यावर लॉक होतात, आणि तार कापायची धार झिजली तर तेवढे तुकडे बदलता येतात. वजन मात्र २४१ ग्रॅम. लुंगीच्या कमरेला लावलंस तर लुंगीसकट खाली येईल.

भटका_धुळे
लेथवाले दादांचं पटतंय, मी ट्रेकच्या बाजूने बोलतो. गेली चार वर्षं हंट्समन वापरतोय, ९७ ग्रॅम, पाण्याच्या बाटलीसोबत सॅकच्या बाजूच्या कप्प्यात पडलेला असतो, आहे की नाही तेही कळत नाही. सगळ्यात जास्त काय वापरलं सांगू? चिमटा. लळिंगच्या किल्ल्यावर जा नाहीतर पाटणादेवीच्या रानात, बाभळीचा काटा बुटाच्या तळव्यातून आरपार येतो आणि पायात मोडतो, तेव्हा तो अर्ध्या बोटाएवढा चिमटा लाखमोलाचा. दुसरी कात्री, फोडावर पट्टी लावायची, सॅकचा पट्टा उसवला तर दोरा कापायचा. तिसरा चाकू, तो मुख्यतः कांदा, काकडी आणि भरताच्या मिरच्यांसाठी. बामणोदची वांगी घेऊन गेलो होतो एकदा वरती, भाजली आपल्या पद्धतीने घरून नेलेल्या काड्यांवर, आणि वांग्याला चिरा पाडण्यापासून कोथिंबिरीपर्यंत सगळं त्याच चाकूवर.

करवत चार वर्षांत दोनदा उघडली, दोन्ही वेळा दाखवायला. अभयारण्यात लाकूड तोडायचंच नाहीये मग करवत कशाला, वन्यजीव कायद्यात सरळ गुन्हा आहे, यावल अभयारण्यात तर वनरक्षक सॅक उघडून बघतो कधी कधी.

एक सावधगिरी, हंट्समनच्या पात्याला लॉक नाही, नुसत्या स्प्रिंगवर उभं राहतं. टोकाने भोसकायला गेलात की मिटून बोटावर येतं. लॅटरलला भोक पाडायला याचं टोक वापरायचा विचार असेल तर आत्ताच सोडा, त्यासाठी पंच मिळतो ड्रिपच्या दुकानात.

पक्कडीची ट्रेकला गरज लागली ती एकदाच, गरम पातेलं चुलीवरून उतरवायला. एवढ्या महागाची सांडशी मला परवडत नाही.

रिटायर्ड_वायरमन
सगळं वाचलं. पोरांनो एक गोष्ट कोणीच बोललं नाही म्हणून लिहितोय, मोठ्या अक्षरात वाचा. मल्टिटूल हातात घेऊन मोटारीच्या स्टार्टरला हात लावायचा नाही. ते डोक्यापासून शेपटीपर्यंत लोखंड आहे, दांड्याला प्लास्टिक नाही रबर नाही. आपल्याकडे शेतातली मोटर तीन फेजवर, दोन फेजच्या मध्ये ४०० च्या वर व्होल्ट, पायाखाली ओली माती, पाय उघडे, आणि लाइट रात्री दोनला येते तेव्हा माणूस झोपेत उठून जातो. खिशात मल्टिटूल असलं की हात तिकडेच जातो, फ्यूज गेला की पक्कड काढायची आणि तार पिळायची. मी माझ्या नोकरीत असे दोन माणसं उचलले आहेत, पुढचं सांगत नाही.

फ्यूज बदलायचा तर आधी मेन स्विच पाडा, टेस्टरने तिन्ही फेज बघा, आणि टेस्टर चालतोय का ते आधी चालू लाइटवर तपासून घ्या. मग इन्सुलेशनवाली आठ इंची पक्कड घ्या, दांड्यावर १००० व्ही छापलेलं असतं. ती पंपहाउसमध्ये खिळ्याला साखळीने बांधून ठेवा म्हणजे कोणी नेणार नाही. हे साखळीचं मी बारा शेतात सांगितलं, तीन जणांनी ऐकलं.

केळीवाला_फैजपूर
काका हात जोडले. खरं सांगतो, मी डोक्यात तेच धरलं होतं की स्टार्टरला पण कामी येईल. बरं झालं विचारलं.

अजून एक, केळीच्या चिकाने पातं काळं पडतं ते स्टेनलेसला पण होतं का? आमचा विळा बघता बघता काळा होतो.

लेथवाला_भुसावळ
विळा साध्या पोलादाचा असतो म्हणून काळा पडतो. स्टेनलेसला चीक लागला तर डाग चिकटतो पण आत शिरत नाही, ओला असताना फडक्याने पुसला की निघतो, वाळल्यावर मात्र नखाने खरवडावा लागतो. खरी भीती चिकाची नाही, पोटॅशची आहे. ड्रिपमधून पांढरा पोटॅश सोडतोस ना, त्यात क्लोराइड असतं, तोच ओला हात चाकूला लागला आणि तसाच मिटून खिशात ठेवला की सांध्यात बारीक टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. स्टेनलेसला गंजच लागत नाही असं काही नाही, कमी लागतो इतकंच. आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात साबण टाकून उघडझाप करायची, उन्हात वाळवायचं, आणि सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. खोबरेल नको, डिसेंबरात गोठतं आणि नंतर धूळ धरून चिकट होतं.

धार लावायला दगड नसेल तर चिनीमातीच्या कपाच्या बुडाला खरखरीत कडा असते त्यावर घास, माझी आई अजून विळी तशीच लावते.

उन्हाळ्यात बाईकच्या टाकीवर ठेवू नकोस. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, मी एकदा टपावर ठेवलेलं उचललं आणि तसंच टाकून दिलं.

सीमा_जळगाव
पोलिसांचं कोणी सांगितलंच नाही म्हणून सांगते, माझं वकिलीचं काम आहे त्यामुळे हा प्रश्न दर गणपतीला येतो. शस्त्र कायद्यात परवाना लागतो तो पातं ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद असेल तर, आणि त्यातही घरकामासाठी, शेतीसाठी, शास्त्रीय किंवा उद्योगाच्या कामासाठी बनवलेले चाकू सोडून. तुम्ही म्हणताय ती पाती तीन इंचाच्या आसपास, त्यामुळे परवान्याचा प्रश्न नाही. पण सण, निवडणुका, मोर्चे असले की जिल्हाधिकारी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली आदेश काढतात, त्यात चाकू, काठ्या, दगड सगळं बाळगायला बंदी असते, पेपरात आतल्या पानावर छोटी बातमी येते आणि कोणी वाचत नाही. त्या दिवसात गावात, मिरवणुकीत कमरेला लटकवून फिरू नका, शेतात वापरा काय करायचं ते. आणि तहसीलला किंवा कोर्टात येताना गाडीतच ठेवा, मेटल डिटेक्टरला वाजतं आणि मग मला फोन येतो.

विमानाने जाणार असाल तर सामानात चेक-इन करा, हँडबॅगेत गेला की गेला. माझ्या भावाचा असाच गेला, वडिलांनी दिलेला होता. त्याने परत फिरून बॅग चेक-इन करायचं म्हटलं तर रांग एवढी की विमान चुकलं असतं, तोंड पाडून डब्यात टाकला. चूक त्याचीच, पण आठवलं की अजून चिडतो.

भटका_धुळे
एक सुचवू का फैजपूरवाले दादा? काही मागवू नका आत्ता. आठ दिवस एक कागद खिशात ठेवा, जेव्हा जेव्हा काही अवजार हवं वाटेल तेव्हा काय हवं होतं आणि कुठं उभे होतात ते लिहा. मी हे सायकलच्या सामानासाठी केलं होतं, यादीतलं निम्मं सामान घ्यावंच लागलं नाही.

आज्याना_चाकू
कागद मा काय लिखना, डोकामा ठेव ना भो.

केळीवाला_फैजपूर
कागदच केला, डोक्यात राहत नाही. आठ नाही, दहा दिवस झाले, मध्ये पाऊस होता. हे घ्या.

लॅटरल कापली सहा वेळा, चाकू. खताच्या गोणीची शिवण सात वेळा, कात्री किंवा चाकू, त्यातल्या दोन वेळा दाताने उघडली. काटा तीन वेळा, त्यात एकदा बाईकच्या मागच्या टायरमधला, तो चिमट्याने नाही निघाला, पक्कड लागली. ग्रोमेट आणि जुना जॉइनर ओढायला पक्कड चार वेळा. फिल्टरचं झाकण, व्हेंचुरीचा (ड्रिपमध्ये खत ओढून घेणाऱ्या भागाचा) नट, बाईकच्या क्लचची केबल, याला पाना लागला, यातलं काहीच मल्टिटूलने झालं नसतं. स्क्रू ड्रायव्हर चार. करवत शून्य. बाटली उघडणं शून्य, हे घरचे वाचतात म्हणून नाही लिहिलं, खरंच शून्य.

आता गंमत बघा. पक्कड लागली त्या पाचही वेळा मी एकतर पंपहाउसपासून हाकेच्या अंतरावर होतो नाहीतर बाईकजवळ. आणि चाकू-कात्री लागली तेव्हा बागेच्या पार मध्ये, जिथून परत यायला दहा मिनिटं. म्हणजे अंगावर हवा तो चाकू आणि जागेवर हवी ती पक्कड, मी उलटं करत होतो.

म्हणून काल सावद्याला जाऊन दोन पक्कडी आणल्या, काकांनी सांगितली तसली १००० व्ही वाली. एक साखळीने बांधली, एक बाईकच्या सीटखाली, सोबत १०-११ चा पाना. आणि हंट्समनऐवजी क्लाइंबर बघतोय, त्याच कंपनीचा, कात्री आहे चिमटा आहे, करवत नाही, ८२ ग्रॅम. भटका दादा चालेल ना?

भटका_धुळे
पळेल. बिल जपून ठेवा आणि अधिकृत दुकानातूनच घ्या, नक्कल याची पण येते. एक छोटी दोरी बांधा त्याच्या कडीला, लाल नाहीतर भगवी. केळीच्या पाल्यात पडला की लाल चाकूसुद्धा दिसत नाही, माझा एक अनेर नदीच्या काठी असाच गेलाय.

लेथवाला_भुसावळ
क्लाइंबर बरोबर आहे. फक्त त्याने तार कापू नकोस आणि पेचकस म्हणून पात्याचं टोक वापरू नकोस, सगळेच करतात म्हणून सांगतोय. वेव्हचं काय मग, सोडलं का?

केळीवाला_फैजपूर
सोडलं नाही हो, पुढं ढकललं. बऱ्हाणपूरला केळीला भाव मिळाला की घेऊ.

रिटायर्ड_वायरमन
म्हणजे नातवाच्या लग्नात.