दलदल नसलेल्या जागी दिसणारे दिवे

रात्री मोकळ्या जागी तरंगताना दिसणारे सगळे गूढ दिवे म्हणजे दलदलीतला पेटलेला मिथेन वायू, असे एक मत मांडले जाते; ते मला अपुरे वाटते. मिथेन आपोआप पेटत नाही. त्यासाठी ठिणगी, किंवा हवा लागताच जळणारा डायफॉस्फेनसारखा वायू सोबत असावा लागतो. शिवाय ऑस्ट्रेलियातील पश्चिम क्वीन्सलँडच्या रुक्ष, सपाट माळरानावर दिसणाऱ्या, ‘मिन मिन’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या गूढ दिव्यांचे काय?

त्यांचा उलगडा क्वीन्सलँड विद्यापीठातील संशोधक जॅक पेटिग्र्यू यांनी 2003 मध्ये मांडला. रात्री जमीन झपाट्याने निवते, तिच्यालगत थंड हवेचा दाट थर साचतो आणि वर उबदार हवा राहते. या थरात अडकलेला प्रकाश फारसा न विखुरता पृथ्वीच्या वक्रतेबरोबर वाकत दूरवर जातो, त्यामुळे क्षितिजाआडचा दिवा डोळ्यांसमोर तरंगताना दिसतो. पेटिग्र्यूंनी हे नुसते कागदावर सोडले नाही, याचे मला विशेष कौतुक वाटते: सुमारे 10 किलोमीटरवर, थेट नजरेच्या टप्प्याबाहेर मोटार उभी करून तिच्या दिव्यांपासून त्यांनी तसाच तरंगता प्रकाश सहकाऱ्यांना दाखवला. दिवा ‘पाठलाग करतो’ हा अनुभवही यात बसतो, कारण अतिदूरची वस्तू, चंद्राप्रमाणेच, आपण चाललो की सोबत चालल्यासारखी भासते. म्हणून असा दिवा दिसला तर हवेची स्थिती आणि दिव्याच्या दिशेला दूरवर रस्ता आहे का, यांची नोंद प्रत्येक निरीक्षकाने अवश्य करावी.