डेंग्यू : घरोघरच्या डासोत्पत्तीचा नकाशा कसा करावा?

प्रश्न
वस्तीत सुमारे ४०० घरं आहेत, काही बैठी, काही चार मजली इमारतींमधली. आठ स्वयंसेवक आहेत. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाच्या अळ्या कुठे होतात ते मोबाइलवर नोंदवून नकाशा करायचा आहे. नोंद घरागणिक करावी की भांड्यागणिक? कोणते रकाने लागतीलच?

प्रतिसाद १
भांड्यागणिक करा. ‘या घरात अळ्या आहेत’ एवढ्यावरून पुढचं काम ठरत नाही. पिंप असेल तर उपाय वेगळा, कुंडीखालची ताटली असेल तर वेगळा. एका भांड्याला एक ओळ द्या: घर क्रमांक, मजला, भांड्याचा प्रकार, घरात की बाहेर की गच्चीवर, अंदाजे किती लिटरचं, झाकण, अळ्या, कोष (अळीनंतरची, डास होण्याआधीची अवस्था), आणि तिथे काय केलं. पाणी आहे पण अळ्या नाहीत, अशी भांडीसुद्धा लिहायची. ती वगळली तर कंटेनर इंडेक्स (पाणी असलेल्या भांड्यांपैकी किती टक्क्यांत अळ्या आहेत) काढता येत नाही.

जीपीएसवर भिस्त ठेवू नका. उघड्यावरही ते पाच-दहा मीटर चुकतं, दाटीच्या गल्लीत त्याहून जास्त, आणि बिंदू पाहून मजला कळत नाही. आधी घरांना क्रमांक द्या आणि नोंद त्या क्रमांकाला जोडा. बंद घरं नकाशावर वेगळ्या रंगात दाखवा. ती ‘अळ्या नाहीत’मध्ये धरली की नकाशा खोटा दिलासा देतो.

हिशेब असा: १२० घरं तपासली, १८ घरांत अळ्या सापडल्या. पाणी असलेली भांडी ३००, त्यांतली दूषित, म्हणजे अळ्या असलेली, ३०. हाऊस इंडेक्स (तपासलेल्या घरांपैकी अळ्या असलेली) १५ टक्के, कंटेनर इंडेक्स १० टक्के, ब्रेटू इंडेक्स (दर १०० घरांमागे दूषित भांडी) २५.

प्रतिसाद २
वरच्या रकान्यांत कोष आहे ते फार बरं. फक्त तिथे ‘हो/नाही’ न लिहिता संख्या लिहा. अळ्या पुष्कळ मरतात, पण कोषातून दोन-तीन दिवसांत डास बाहेर पडतो. वर दिलेले तिन्ही इंडेक्स दहा अळ्यांची ताटली आणि शेकडो कोषांचा हौद एकाच तराजूत तोलतात. कोष मोजले की बहुतेक वेळा दिसतं, मोजक्या मोठ्या भांड्यांतूनच बरेचसे डास निघत आहेत. नकाशावर ठिपक्याचा आकार कोषांच्या संख्येनुसार ठेवा, म्हणजे आधी कुठे जायचं ते ठरतं.

तपासताना पिंप हलवू नका. सावली पडली किंवा धक्का लागला की अळ्या तळाशी जातात. टॉर्च लावून एक-दोन मिनिटं थांबा, श्वास घ्यायला त्या वर येतात. लहान भांड्यातलं पाणी पांढऱ्या ट्रेमध्ये ओतून पाहा. अळी पृष्ठभागाला समांतर पडून असेल तर ती ॲनोफिलीसची, म्हणजे मलेरियाच्या डासाची. एडिस आणि क्युलेक्स दोन्हींच्या अळ्या डोकं खाली करून लटकतात, पण एडिसची श्वासनळी आखूड आणि जाड असते.

प्रश्नकर्ता
एका गल्लीत पिंपं ओतून दिली होती. आठवड्याने त्याच पिंपांत पुन्हा अळ्या. असं का?

प्रतिसाद ३
कारण अंडी पिंपातच राहिली. एडिसची मादी अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर भिंतीला चिकटवते. कोरडी पडली तरी ती कित्येक महिने टिकतात आणि पाणी चढलं की फुटतात. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून फेरी सात दिवसांनी हवीच. ओतणं पुरत नाही. आतली बाजू, विशेषतः काठाखालची कड, खरखरीत ब्रशने घासायची आणि ते पाणी गटारात न टाकता कोरड्या जमिनीवर टाकायचं.

जे रिकामं करताच येत नाही तिथे टेमिफॉस हे अळ्या मारणारं औषध. १ टक्का दाणेदार असेल तर १० लिटरला १ ग्रॅम, म्हणजे २०० लिटरच्या पिंपाला २० ग्रॅम. मात्रा आत्ता आहे त्या पाण्यावर नव्हे, भांड्याच्या पूर्ण क्षमतेवर धरा. धुतलेल्या पिंपातून औषध निघून जातं, तेव्हा ‘औषध टाकलं’ या नोंदीपुढे तारीख हवीच.

नेहमी सुटतात त्या जागा: फ्रिजमागचा ट्रे, कूलरची टाकी, गच्चीवरच्या टाकीच्या झाकणाची फट, लिफ्टचा खड्डा, जुने टायर. रुग्ण सापडला की त्याच्या घराभोवती निदान १०० मीटरचं वर्तुळ काढा आणि त्यातली बंद घरं त्याच दिवशी पुन्हा ठोठवा.