टांगाइलच्या उडीला ‘सहल’ म्हणू नका

सातारकर लेक :
१९७१ च्या युद्धात आपल्या सैनिकांनी बांगलादेशातल्या टांगाइलला पॅराशूटने उडी मारली, त्याबद्दल परवा विजय दिवसाच्या धाग्यावर ‘वास्तववादी’ यांनी लिहिलं, “टांगाइलला पॅराशूटने उतरलेल्यांचं उगाच कौतुक चाललंय. खाली बांगलादेशी स्वातंत्र्यसैनिकांच्या मुक्तिबाहिनीने मैदान मोकळं करून ठेवलं होतं. वरून उडी मारायची आणि फोटो काढायचा, ही सहल झाली. खरं युद्ध पायदळ लढलं.” दोन दिवस गप्प बसले. आज राहवत नाही.

११ डिसेंबर १९७१ च्या दुपारी माझे वडील विमानात होते. सेकंड पॅरा, पॅराशूटने उतरणारी पलटण. म्हणजे जुनी थर्ड मराठा, १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेलेली. पोरं सगळी आपल्याकडचीच. दमदम आणि कलाईकुंड्याहून पॅकेट, डाकोटा, कॅरिबू, एएन-१२ अशी मिळतील ती विमानं जमवून सातशेच्या आसपास माणसं निघाली आणि साडेचारच्या सुमाराला खाली उतरली. डिसेंबरात तिकडे पाचलाच अंधारतं. माणूस एकीकडे, हत्यारांची पेटी दुसरीकडे, काही सामान थेट तळ्यात. वडील कापलेल्या भाताच्या शेतात पडले. खुंट पोटरीत घुसला होता, ते त्यांना पुलावर पोचल्यावर कळलं.

मैदान मोकळं होतं, बरोबर. मुक्तिबाहिनीच्या कादर सिद्दीकींची माणसं खाली होती आणि आपला एक कॅप्टन आधीच आत शिरून जागा हेरून बसला होता. पण हे लोक मैदान जिंकायला गेलेच नव्हते. त्यांना हवा होता लोहजंग नदीवरचा पुंगलीचा पूल. जमालपूर आणि मैमनसिंगहून ढाक्याकडे मागे सरकणारी पाकिस्तानी ९३ ब्रिगेड, म्हणजे अनेक पलटणींची फौज, त्याच रस्त्याने येणार होती. अंधार पडल्यावर पूल हाती आला आणि त्याच रात्री गाड्यांची रांग येऊन आदळली. त्या पुलावर रात्रभर जे झालं त्याला तुमच्या घरी सहल म्हणतात का?

वास्तववादी :
ताई, तुमच्या वडिलांच्या शौर्याबद्दल मी चकार शब्द काढलेला नाही. माझा राग त्या फॉरवर्डवर आहे. ‘पाच हजार पॅराट्रूपर आकाशातून बरसले’ असा मेसेज दर डिसेंबरला फिरतो. पाच हजार नव्हतेच, तुम्हीच सातशे म्हणता. तेव्हा परदेशी पेपरांत अख्खी ब्रिगेड उतरल्याची बातमी छापून आली आणि सोबत फोटो दिला गेला तो आग्र्याच्या जुन्या सरावाचा. एका पलटणीची ब्रिगेड झाली ती तिथे, आणि पन्नास वर्षं आपण तेच उगाळतोय. खोट्या आकड्यावर उभा केलेला मान मला नको.

सातारकर लेक :
मग तसं लिहायचं होतं. आकडा चुकीचा म्हणा, मी तुमच्या बाजूने उभी राहीन. आणि त्या चुकीच्या बातमीचाही ढाक्यातल्यांवर दाब पडला, तेही युद्धच होतं. तुम्ही चिडलात फॉरवर्डवर आणि शब्द फेकलात माणसांवर.

जंगी नातू :
मधे बोलतो. माझे आजोबा फर्स्ट मराठा, म्हणजे मराठा लाइट इन्फन्ट्रीची जंगी पलटण. छत्रीवाल्यांचं नाव दरवर्षी निघतं, जमालपूर कुणाला आठवतं? नदी ओलांडून, गावाला वळसा घालून, पायी जाऊन जमालपूरच्या मागे बसले आमचे लोक. आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली, तर पाकिस्तानी बलुच पलटणीच्या कर्नलने उत्तरात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. त्याच रात्री ते अंधारात फुटून निघाले ते सरळ मराठ्यांच्या मोर्च्यांवर. आजोबा सांगायचे, सकाळी रस्ता ओलांडायला पाय ठेवायला जागा नव्हती. आणि १२ तारखेच्या संध्याकाळी पुंगलीला सेकंड पॅराला जाऊन मिळाले ते कोण? फर्स्ट मराठाच. आमचे वेळेवर पोचले नसते तर पुलावरच्यांचं काय झालं असतं?

सातारकर लेक :
दादा, वडील हे दरवर्षी सांगायचे. अंधारातून “बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय” ऐकू आलं तेव्हा पुलावरचे रडले म्हणायचे. जमालपूर कमी कुणी केलं? दोन्ही पलटणींत एकाच गावचे सख्खे भाऊ होते.

जंगी नातू :
ठीक. पण बॅटल ऑनर, म्हणजे लढाईच्या नावाचे मान, दोघांना मिळाले, कार्यक्रम एकाचेच होतात, एवढं माझं म्हणणं राहीलच.

पद्माकाठ :
मी कपड्यांच्या धंद्यानिमित्त ढाक्यात सहा वर्षं होतो. एकदा कालिहातीच्या बाजूला जाणं झालं. चहाच्या टपरीवर एका म्हाताऱ्याने मी भारतातला हे कळल्यावर हात धरून तळ्यापाशी नेलं. लहानपणी त्याने बापाबरोबर कमरेएवढ्या चिखलात उतरून त्या तळ्यातून पेट्या ओढून काढल्या होत्या. “छत्रीचं कापड आईने कित्येक वर्षं जपलं,” म्हणाला. तुम्ही सगळे मराठा की पॅरा यावर भांडताय. अंधारात पेट्या वाहणाऱ्या त्या शेतकऱ्यांचं नाव कुठल्याच यादीत नाही.

शाईचा डाग :
चर्चा चांगली आहे, पण एक विनंती. सैनिकांसाठी ‘शहीद’ लिहू नये. आपल्याकडे ‘हुतात्मा’ आहे ना? लष्करानेही २०२२ मध्ये ‘मार्टर’ शब्द टाळा असं पत्र काढलं.

बेळगावकर :
‘हुतात्मा’ म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे संयुक्त महाराष्ट्राचे हुतात्मे येतात. रणात लढून पडलेल्याला ‘वीरगती’ म्हणा, जुना शब्द आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं सेंटर आमच्या गावात आहे. परेड ऐकत वाढलोय, शब्द आम्हाला शिकवू नका.

शाईचा डाग :
शिकवत नाही. पण ‘शहीद’ परका आणि ‘वीरगती’ आपला, हा वादच मला नको आहे. हुतात्मा शब्द काय एकट्या चळवळीच्या नावावर लावलाय का? माझा सख्खा मामा ६५ ला गेला. आजीने दारावर ‘हुतात्मा’ अशीच पाटी लावली होती. ती काढून टाकू?

बेळगावकर :
पाटी काढा असं मी कुठे म्हटलं? तोंडात शब्द घालू नका.

माणगंगा :
शब्दावरून डोकी फोडताय, आमच्या गावाला येऊन बघा. वेशीवर जवानांच्या नावाची कमान आहे. खाली संगमरवरी पाटीवर अकरा नावं, अक्षरं बोटाएवढी. वर फ्लेक्स लागतो त्यावर पुढाऱ्यांचे चेहरे परातीएवढे. गेल्या डिसेंबरात पाटीसमोरच वाढदिवसाचा फ्लेक्स बांधला. तारेने ताणताना पाटीचा कोपरा उडाला आणि त्याबरोबर एक नाव अर्धं गेलं. मी दोनदा लेखी अर्ज दिला, कुणी फिरकलं नाही. त्या आईला काय सांगू, शहीद की हुतात्मा?

बेळगावकर :
आमच्या चौकातही हेच.

शाईचा डाग :
हा मुद्दा खरा आहे. तरी शब्दाचा आग्रह सोडत नाही.

वास्तववादी :
हेच मी म्हणत होतो! कमानी, फ्लेक्स, ढोल आणि खाली नाव फुटलेलं. मान द्यायचा तर नाव नीट लिहा, आकडा नीट सांगा. दिल्लीला राष्ट्रीय समर स्मारकावर १९४७ पासूनची नावं ग्रॅनाइटवर कोरली आहेत. २०१९ ला झालं ते. किती उशीर!

सातारकर लेक :
उशीर झाला हे शंभर टक्के. पण तुम्ही फ्लेक्सवाल्यांना आणि उडी मारणाऱ्यांना एकाच काठीने हाकलंत, तो राग अजून गेलेला नाही.

एक सांगते आणि थांबते. वडिलांच्या ट्रंकेला पॅराशूटची मळकट दोरी बांधलेली असायची. कुलूप गंजून पडलं, दोरी राहिली. आई म्हणायची, नवी कडी बसवा. ऐकलं नाही. शेजारच्या गावचा एक जण त्यांच्या मागच्याच रांगेत होता. तो पुंगलीला राहिला. दर ११ डिसेंबरला वडील सकाळी सायकल काढायचे, त्याच्या घरी जायचे, उंबऱ्यावर बसायचे. आत कधी गेले नाहीत. त्याची आई भाकरी आणि दूध आणून द्यायची. बोलणं फारसं नाहीच. ती गेल्यावर भावजय द्यायची. २०१४ पर्यंत हे चाललं. त्या घरात कुणी कधी ‘शहीद’ म्हटलं नाही की ‘हुतात्मा’. “आमचा धाकला” म्हणायचे.

१६ तारखेला मीरपूरच्या पुलावर सेकंड पॅराच होती. आपल्या जनरल नागरांनी पाकिस्तानी सेनापती नियाझींना चिठ्ठी पाठवली ती तिथून, आणि ढाक्यात पहिली शिरली ती हीच पलटण. शरणागतीच्या त्या प्रसिद्ध फोटोत वडील नाहीत, धाकला तर नाहीच. म्हणून ‘सहल’ हा शब्द मला लागला.

वास्तववादी :
‘सहल’ मागे घेतो. तो शब्द वापरायला नको होता. पाच हजारांचा फॉरवर्ड आला की मात्र भांडणारच, आणि उडीने युद्धाचा निकाल फिरला असं कुणी म्हटलं तर तेही मान्य करणार नाही.

सातारकर लेक :
निकाल फिरला असं मीही म्हणत नाही. भांडा, सातशेचा आकडा मीच देईन.

जंगी नातू :
आणि १ मराठाचं नाव त्यात टाका.

माणगंगा :
माझ्या पाटीचं कुणी सांगता का? नवी करायला दगडवाला साडेचार हजार म्हणतोय. नाव सरकारी यादीत जसं आहे तसंच कोरायचं आहे, एक वेलांटी चुकली तरी आई ओळखणार नाही म्हणते.

बेळगावकर :
सेंटरमध्ये ओळख आहे, नोंद बघायला सांगतो. नाव आणि पलटण मला खासगी निरोपात कळवा. पाचशे माझे.

शाईचा डाग :
माझेही पाचशे. वेलांटी मी तपासतो.