मदत हवी आहे: गुडघा बदलल्यानंतरची तपासणी व्हिडिओ कॉलवर भागेल का?

नमस्कार मंडळी,

आईचा (वय ६८) उजवा गुडघा पुण्यात बदलून घेतला. टाक्यांच्या पिना तिथेच निघाल्या. त्यानंतर भावाच्या फ्लॅटमध्ये राहायला तिने साफ नकार दिला. सध्या ती कणकवलीजवळ गावी आहे आणि मी लॅपटॉपसकट तिच्यासोबत. आता सहा आठवड्यांची तपासणी जवळ आली आहे. हॉस्पिटलमधून फोन आला, "एक्स-रे तिकडेच काढा, सर व्हिडिओवर बघतील, यायची गरज नाही."

यावरून घरात दोन तट पडलेत. भावाचं म्हणणं, एवढा खर्च करून तपासणी मोबाईलवर कसली करता, घेऊन या. माझं म्हणणं, घाट चढून कोल्हापूरमार्गे पुण्यापर्यंत आठ-नऊ तास तिला गाडीत बसवायचं, ते दहा मिनिटांच्या भेटीसाठी? आणि खुद्द आईचा प्रश्न: "मोबायलातसून तेका काय ढोपार दिसतला?" मला याचं उत्तर देता आलं नाही, म्हणून हा धागा.

व्हिडिओवर सर्जनला नक्की काय कळतं आणि काय कळत नाही? आम्ही काय तयारी ठेवायची? शिवाय दुखण्याची एक गोळी (ट्रॅमाडॉल) संपली आहे. हॉस्पिटल म्हणतं, ती फोनवर लिहून देता येत नाही. ही टाळाटाळ आहे की खरंच नियम आहे? आणि संध्याकाळी त्याच पायाला सूज येते, तेही विचारायचं आहे.

उंबरठा (मी फिजिओ आहे)
गुडघा किती वाकतो, किती सरळ होतो आणि चाल कशी आहे, एवढं व्हिडिओवर व्यवस्थित कळतं. अट एकच, फोन हातात धरायचा नाही. स्टुलावर पुस्तकांना टेकवा, गुडघ्याच्या उंचीवर, बरोबर बाजूने. आईंना पलंगावर झोपवून टाच चादरीवरून मागे सरकवायला सांगा. समोरून कॅमेरा धरला तर ७० अंश आणि ९० अंश सारखेच दिसतात. मग टाचेखाली उशी ठेवून पाय सरळ. बहुतेक घरचे लोक वाकतो किती एवढंच विचारतात. पण गुडघा पूर्ण सरळ झाला नाही तर लंगडणं जात नाही, तेव्हा हे आवर्जून दाखवा.

कपड्यांचंही बघा. साडी वर धरून बसायला बायका संकोचतात आणि निम्मा वेळ पदर सावरण्यात जातो. घरातल्या कुणाची सैल हाफ पँट सरळ घालायला द्या. चालण्याचा व्हिडिओ आधीच अंगणात काढून ठेवा, समोरून आणि मागून.

आईंना सांगा, ढोपर दिसतं, पण हाताला लागत नाही. सांध्यात पाणी आहे का, कातडी गरम आहे का, सांधा आडवा हलतो का, हे हात लावल्याशिवाय कळत नाही. त्यासाठी कॉलच्या वेळी जवळपासचे एखादे डॉक्टर किंवा फिजिओ शेजारी असले तर उत्तम.

काढा_नको_गोळी_द्या (एमबीबीएस, जनरल प्रॅक्टिस)
सुजेचं आधी, बाकीचं नंतर. या ऑपरेशननंतर संध्याकाळी पाय सुजणं आणि रात्री उशीवर ठेवला की सकाळी उतरणं, हे कित्येक आठवडे चालतं. पण पोटरी दुखत असेल, दाबल्यावर कळ येत असेल, सूज सकाळीही तशीच असेल, तर शिरेत रक्ताची गाठ नाही ना हे बघावं लागतं. ते डॉपलर सोनोग्राफीवर कळतं, स्क्रीनवर कुणालाच नाही. कॉलची वाट बघू नका, उद्याच तिथल्या डॉक्टरांना पाय दाखवा. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं तर १०८. जखमेतून पाणी किंवा पू, वाढती लाली, ताप, यांनाही व्हिडिओ नाही.

गोळीचा नियम खरा आहे. ट्रॅमाडॉल २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे आणि मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार त्या यादीतली औषधं दूरवरून लिहिता येत नाहीत. हॉस्पिटल टाळत नाहीये. सहा आठवड्यांनीही ती गोळी लागतेय का, हे मात्र सर्जनना जरूर विचारा. त्याच तत्त्वांत हेही आहे की रुग्णाला प्रत्यक्ष बघायलाच हवं असं डॉक्टरांना वाटलं, तर ते कॉल थांबवून बोलावू शकतात. तेव्हा भावाला सांगा, व्हिडिओ केला म्हणजे पुण्याचं दार बंद होत नाही.

पिक्सेलपंत
एक्स-रे खिडकीला धरून फोटो काढून पाठवू नका, हात जोडतो. सेंटरवाल्यांकडून सीडी किंवा मूळ फाईल मागा. व्हॉट्सअॅपवरच पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून, फोटो म्हणून पाठवला की बारकावे जातात. उभं राहून काढायचा की झोपून, हे सर्जनकडून आधी लिहून घ्या, नाहीतर दोनदा हेलपाटा.

सदाशिव_बाहेरचा
फी मात्र पूर्ण घेतात हो, त्याचं काय?

धागाकर्ता
सर्वांचे आभार. काल कणकवलीत दाखवलं. पोटरी मऊ आहे, तरी डॉक्टरांनी डॉपलर करायला लावलं, गाठ नाही. त्यांनीच गुडघा दाबून, हलवून बघितला आणि चिठ्ठीवर लिहून दिलं. ती चिठ्ठी आणि एक्स-रेची फाईल आधी पाठवली. आज कॉल झाला. वाकणं ठीक आहे, सरळ होण्यात थोडी कसर आहे, म्हणून त्याचा व्यायाम वाढवलाय. ट्रॅमाडॉल बंद, साधं पॅरासिटामॉल. हाफ पँट माझी होती, आईने कॉल संपताच काढून फेकली.

@सदाशिव_बाहेरचा, फी पूर्णच घेतली.

तीन महिन्यांची तपासणी सर्जननी प्रत्यक्षच ठेवली आहे. ती गणपतीच्या ऐन तोंडावर येते आणि आई तेव्हा घर सोडणार नाही. आठवडाभर मागेपुढे चालतं का, कुणाला अनुभव?