'करप्ट' पेन ड्राइव्हला भ्रष्ट म्हणावं का?

एका माहितीपुस्तिकेचं मराठीकरण करतोय. 'करप्ट झालेल्या पेन ड्राइव्हच्या कंट्रोलरचं फर्मवेअर रिस्टोअर करणे' इथे अडलोय. 'भ्रष्ट पेन ड्राइव्ह' लिहिलं तर सहकारी म्हणाली, "किती खाल्ले त्याने?" 'दूषित' म्हटलं की पाणी आठवतं. 'खराब' फारच ढोबळ. काय लिहू?

*

आधी बिघाड कुठला ते बघा. नुसती फाइल सिस्टिम बिघडली असेल तर ड्राइव्हची क्षमता नीट दिसते, फक्त 'फॉरमॅट करा' म्हणून तो मागे लागतो. तिथे 'बिघडलेला' पुरे. फर्मवेअर, म्हणजे कंट्रोलर (ड्राइव्हचा कारभार पाहणारी चिप) ज्यावर चालतो तो आतला प्रोग्रॅम, गेलं की तऱ्हा वेगळी. ड्राइव्हचं अक्षर दिसतं, पण क्लिक केलं की 'डिस्क घाला' असा निरोप येतो आणि क्षमता शून्य! फॉरमॅटही होत नाही, कारण तो हुकूम ज्याने पाळायचा तो कंट्रोलरच भानावर नसतो. नँड चिपमधला, म्हणजे साठवणीच्या चिपमधला डेटा बहुतेकदा जागच्या जागी असतो. कुठला तुकडा कुठल्या ब्लॉकमध्ये ठेवलाय, हे सांगणारं कुणी उरत नाही.

म्हणून 'भ्रष्ट' मला तितकासा हास्यास्पद वाटत नाही. 'भ्रंश्' म्हणजे पडणे, ढळणे. पदभ्रष्ट, स्थानभ्रष्ट माणसाने लाच घेतलेली असायलाच हवी असं कुठे आहे? 'स्मृतिभ्रंश' मात्र इथे चुकेल, स्मृती शाबूत आहे. हा पेन ड्राइव्ह चक्क बुद्धिभ्रष्ट झालाय.

*

बुद्धिभ्रष्ट! +१

अवांतर: 'फर्मवेअर' हा शब्द अॅशर ओपलर यांनी १९६७ साली 'डेटामेशन' मासिकात वापरला, तो प्रोसेसरच्या मायक्रोकोडसाठी, म्हणजे त्याच्या अगदी आतल्या सूचनांसाठी. हार्ड आणि सॉफ्ट यांच्या मधलं म्हणून फर्म. मराठीत मऊ आणि कडक यांच्या मधलं काय, 'घट्टसर'? नको, फर्मवेअरच राहू द्या.

*

दुरुस्तीचं काम करतो. आम्ही 'फर्मवेअर मारणे' म्हणतो, मोबाइलला सॉफ्टवेअर मारतात तसं. पण तुमचा खरा घोळ 'रिस्टोअर'मध्ये आहे. 'पूर्ववत करणे' लिहिलंत की वाचणाऱ्याला वाटणार, फोटो परत येणार. होतं नेमकं उलटं. कंट्रोलरचा नंबर बघून त्याच्याच जातीचं एमपी टूल, म्हणजे कारखान्यात ड्राइव्ह तयार करताना वापरतात ते सॉफ्टवेअर, लावायचं. ड्राइव्ह ओळखलाच जात नसेल तर कवच उघडून, ४८ पायांच्या नँड चिपचे २९ आणि ३० नंबरचे पाय चिमट्याने जोडून धरायचे आणि तसाच यूएसबीत खुपसायचा. त्या डेटाच्या तारा आहेत. त्या अडल्या की कंट्रोलरला चिपमधलं बिघडलेलं फर्मवेअर वाचता येत नाही आणि तो स्वतःच्या रॉमवर, म्हणजे आत कायमच्या कोरलेल्या प्रोग्रॅमवर उठतो. ओळखला गेला की चिमटा काढायचा. मग टूल ब्लॉक पुसतं, खराब ब्लॉकांची यादी नव्याने करतं, फर्मवेअर भरतं. ड्राइव्ह वाचतो, डेटा जातो. डेटा हवा असेल तर टूलला हातच लावू नका, आधी डेटा काढणाऱ्याकडे जा. तेव्हा 'पूर्ववत' खोडा.

*

खोडलं. आता वाक्य असं आहे: 'कंट्रोलरचं फर्मवेअर नव्याने भरा. ड्राइव्हमधला सगळा डेटा पुसला जाईल.' दुसरं वाक्य मूळ मजकुरात नव्हतं, मी घुसडलंय. 'करप्ट'च्या जागी तूर्त 'बिघडलेला'. बुद्धिभ्रष्ट संपादक छापू देणार नाहीत. आणि पाय 'शॉर्ट करणे'ला काय म्हणू?

*

शॉर्ट करणेच म्हणा.